'वेद' आणि 'वइत' : एका आद्य-जर्मानिक क्रियापदाच्या नामकरणाची चिकित्सा

इंग्रजी शिकविणाऱ्या अध्यापकाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला जातो. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनात क्रियापदाला 'स्' लागतो, मग 'कॅन', 'मे', 'शॅल' यांना तो का लागत नाही? 'ती साहाय्यक क्रियापदे आहेत म्हणून' हे उत्तर टिकत नाही. कारण 'हॅव' आणि 'डू' हीही साहाय्यक क्रियापदे असून त्यांना 'स्' लागतो. जर्मन शिकविणाऱ्याची अडचण अशीच आहे. 'तो जाणतो' या अर्थी जर्मनमध्ये 'एर वाइस' म्हणतात. तेथे तृतीयपुरुषाचा नेहमीचा 'त' प्रत्यय नाही. या दोन्ही अडचणींचे मूळ एका लहानशा क्रियापद-वर्गात आहे. त्या वर्गातील सर्वांत जुने, सर्वांत चांगले जतन झालेले क्रियापद म्हणजे आद्य-जर्मानिक भाषेतील '*वितनं', 'जाणणे'.

हे रूप कोणत्याही लेखात वा ग्रंथात सापडत नाही. ते पुनर्रचित आहे, आणि त्यामागील तारका हेच सांगते. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती व रूपे यांचा परामर्श घेऊन, त्याच्या वर्गाला हस्तपुस्तकांतून जे नाव दिले जाते ते वस्तुस्थितीशी कितपत जुळते, याची तपासणी केली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते जुळत नाही. त्याहून नेमके वर्णन आपल्याकडे पाणिनीने करून ठेवले आहे. तेही जर्मानिकाचे नव्हे, संस्कृतातील त्याच्या सख्ख्या भावंडाचे.

लिप्यंतराविषयी एक खुलासा आधीच करणे बरे. या क्रियापदाचे वर्तमानकाळी एकवचनी रूप येथे 'वइत' असे लिहिले आहे. 'वाइट' असे लिहिल्यास मराठी वाचकाच्या मनात भलताच शब्द उभा राहतो. शिवाय मूळच्या 'द'शी असलेले या व्यंजनाचे नाते 'त' या अक्षराने अधिक स्पष्ट होते.

रूपांची जुळणी

मूळ भारत-युरोपीय धातू '*वेइद्-' असा मानला जातो. त्याचा अर्थ 'पाहणे, दृष्टीस पडणे'. लॅटिनमध्ये तो याच अर्थाने टिकला आणि तेथूनच 'व्हिडिओ' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. या धातूच्या परोक्षभूताचे, म्हणजे संस्कृत वैयाकरणांच्या परिभाषेत लिट्-प्रकाराचे, एकवचन '*वोइद-' आणि अनेकवचन '*विद्-' अशा दोन अंगांवर उभे होते. एकवचनी स्वराघात धातूवर, अनेकवचनी तो प्रत्ययावर. म्हणून एकीकडे पूर्ण स्वर आणि दुसरीकडे आखडलेला. यालाच अपश्रुती म्हणतात. संस्कृतात 'वेद' पण 'विद्म'. ग्रीकमध्ये 'ओइदा' पण 'इद्मेन'. गॉथिकमध्ये 'वइत' पण 'वितुम'. तीन भाषांत हा एकच सांगाडा आहे.

जर्मानिक रूपापर्यंतचा प्रवास नियमबद्ध आहे. मूळचा ऱ्हस्व 'ओ' जर्मानिकात 'अ' होतो; त्यामुळे '*वोइद'चा '*वइ-' होतो. रास्क याने 1818मध्ये आणि ग्रिम याने 1822मध्ये मांडलेल्या व्यंजन-संक्रमणानुसार 'द'चा 'त' होतो. म्हणून '*वइत'. गॉथिक 'वइत', जुनी नॉर्स 'वेइत', अँग्लो-सॅक्सन 'वात', जुनी उच्च जर्मन 'वइस' ही रूपे या एकाच रूपाची साक्ष देतात. इंग्रजीत 'वॉट' हे रूप बराच काळ चालू होते. 1611च्या बायबलच्या भाषांतरात ते आहे, आणि त्याचे भूतकाळी रूप 'विस्ट'ही आहे.

येथे एक लक्षणीय बाब आहे. संस्कृतातील लिट्-रूपांत धातूचे द्वित्व होते : ददर्श, चकार, बुबोध. 'वेद'मध्ये ते नाही. ग्रीक 'ओइदा'त नाही, जर्मानिक 'वइत'मध्येही नाही. 'प्राप्त होणे' या अर्थाच्या विद्-धातूचे 'विवेद' असे द्वित्वयुक्त रूप मात्र वेदवाङ्मयात आहे. अर्थात 'जाणणे' या अर्थाचे हे रूप फार जुन्या काळापासून आपल्या भाईबंदांपासून वेगळे पडलेले होते. तीन भाषाशाखांनी स्वतंत्रपणे नेमक्या याच शब्दातले द्वित्व गाळले असण्याचा संभव फारच कमी.

विध्यर्थातही जुळणी आहे. संस्कृत 'विद्यात्'मधील 'या' आणि गॉथिक 'वितीस'मधील 'ई' ही एकाच प्रत्ययाची अनुक्रमे पूर्ण व आखडलेली रूपे होत; जर्मानिकाने अनेकवचनातील 'ई' एकवचनातही चालविला.

जेथे साम्य फसविते

इथवरची जुळणी पाहून मन हरखून जाते आणि मग प्रत्येक रूपात संस्कृत दिसू लागते. येथेच सावध राहिले पाहिजे. तृतीयपुरुषी अनेकवचन पाहा : संस्कृत 'विदुः', गॉथिक 'वितुन'. दोन्हींत 'उ' आहे. शिकणाऱ्याला वाटते, हा तोच 'उ'. परंतु संस्कृतातील 'उः'मागे रकारयुक्त प्रत्यय आहे, हे अवेस्तेतील समांतर रूपांवरून निश्चित होते; तर जर्मानिकातील 'उन'मागे स्वरवत् उच्चारला जाणारा नकार आहे. त्या नकारापुढे जर्मानिकाने 'उ' निर्माण केला. म्हणजे दोन्ही 'उ' दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले पाहुणे आहेत. द्वितीयपुरुषी अनेकवचनी तर संस्कृत 'विद' आणि गॉथिक 'वितुथ' यांत वरवरचेही साम्य नाही. जर्मानिकाने सामान्य वर्तमानाचा 'थ' येथे आणून जोडला.

द्वितीयपुरुषी एकवचनाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. संस्कृत 'वेत्थ', ग्रीक 'ओइस्था', गॉथिक 'वइस्त'. दोन दंत्य व्यंजने समोरासमोर आली की मूळ भाषेत त्यांच्यामध्ये एक सकार शिरत असे. ग्रीकमध्ये तो ऐकू येतो, संस्कृतात तो राहिला नाही. जर्मानिकात मात्र अशा ठिकाणी नियमाने 'स्स' व्हावयास हवा, 'स्त' नव्हे. तो नियम याच क्रियापदाच्या भूतकाळात पाळलेला आहे : गॉथिक 'विस्स', 'मी जाणले'. मग 'वइस्त' कसे? इतर क्रियापदांतील 'त' प्रत्ययाच्या दबावाने ते पुन्हा जुळविले गेले, असे सामान्यतः मानतात. हे मान्य केले तर 'ओइस्था' आणि 'वइस्त' यांचे कानाला जाणवणारे साम्य सरळ वारशाचे राहत नाही.

भूतकाळ 'विस्स' हा जर्मानिकाने नव्याने घडविला. लिट्-रूप वर्तमानाच्या अर्थाने गुंतलेले असल्याने भूतकाळासाठी दुसरी सोय करणे भाग होते. ती सोय दंत्य प्रत्ययाने झाली. हा दंत्य प्रत्यय 'धा' धातूच्या भावंडापासून आला की कृदन्तापासून, हा वाद जुना आहे आणि या एका क्रियापदावरून तो मिटणारा नाही. '*विद्-तो-' हे भूतकालवाचक विशेषण मात्र 'विस्स'च्या शेजारी निश्चितपणे उभे आहे. जर्मनमधील 'गेविस', म्हणजे 'निश्चित', त्यापासूनच आला. संस्कृतात याच घडणीचा शब्द 'वित्त' होय. एकाच घडणीच्या शब्दाला तिकडे खात्री म्हणतात आणि आपल्याकडे पैसा!

तारकांची पत

हस्तपुस्तकांतील रूपसारण्यांविषयी प्रस्तुत लेखकाची तक्रार येथून सुरू होते. सारणीत एकवचन, द्विवचन, अनेकवचन असे तीन रकाने असतात. सर्व रूपे एकाच टाइपात आणि सर्वांच्या डोक्यावर सारखीच तारका. परंतु या तारकांची पत सारखी नसते. '*वइत' चार स्वतंत्र साक्षीदारांवर उभे आहे, शिवाय ग्रीक आणि संस्कृत यांचा पाठिंबा. द्विवचनाचा संपूर्ण रकाना मात्र एकट्या गॉथिकवर टेकलेला आहे, कारण क्रियापदातील द्विवचन अन्य कोणत्याही जर्मानिक भाषेत टिकले नाही. तुमर्थक '*वितनं' सर्व शाखांत आहे खरे; पण ते जर्मानिकाने नव्याने घडविलेले असल्याने मूळ भारत-युरोपीयाविषयी ते काहीच सांगत नाही. शब्दकोशात मात्र तेच शीर्षस्थानी येते आणि खरे वृद्ध 'वइत' त्याच्याखाली रूप म्हणून नोंदले जाते. अंत्य अनुनासिक कसे दाखवावे याविषयी तर कोशाकोशांत एकवाक्यता नाही. विद्यार्थ्याने दोन ग्रंथ उघडले की त्याला ती दोन क्रियापदे वाटतात.

गॉथिकच्या द्विवचनाचा एक पुरावा मात्र इतका सुंदर आहे की त्यासाठी थांबलेच पाहिजे. चौथ्या शतकात उल्फिलाने बायबलचे गॉथिकमध्ये भाषांतर केले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील 38व्या वचनात जब्दीच्या दोन मुलांना येशू म्हणतो की, तुम्ही काय मागता हे तुम्ही जाणत नाही. समोरच्या ग्रीक मूळात साधे अनेकवचन आहे, कारण त्या काळच्या ग्रीकमधून द्विवचन गेलेले होते. उल्फिलाने तेथे 'वितुत्स' हे द्विवचन योजले. मूळात नसलेले वचन भाषांतरकाराने आणले, कारण ऐकणारे दोघे होते आणि त्याच्या भाषेला दोघांसाठी वेगळे रूप लागत होते. उप्सालाच्या ग्रंथालयात जपलेल्या सहाव्या शतकातील हस्तलिखितात हे रूप आजही वाचता येते. संस्कृतातील 'विदथुः' शिकताना द्विवचनाचे ओझे वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हे एक उदाहरण अवश्य सांगावे. प्रत्यय मात्र दोहोंचे निराळे आहेत, हेही त्याच वेळी सांगावे.

आणखी एक मर्यादा. स्वराघाताच्या स्थानभेदाने जर्मानिक व्यंजने बदलतात, हे व्हेर्नर याने 1877च्या निबंधात सिद्ध केले आणि त्यासाठी वैदिक स्वराचा आधार घेतला. परंतु 'वइत : वितुम' यात त्या नियमाचा मागमूस नाही, कारण तो नियम घर्षक व्यंजनांना लागतो आणि येथे 'त' हा स्पर्श आहे. एकवचन-अनेकवचनातील स्वराघात जर्मानिकात खरोखर सरकत होता याचा पुरावा याच वर्गातील दुसऱ्या क्रियापदांकडे मागावा लागतो : गॉथिक 'थार्फ : थोर्बुम' (गरज असणे), 'अइह : अइगुम' (स्वामित्व असणे). या 'अइह'चे नाते संस्कृत 'ईश्' धातूशी आहे.

नावाचा प्रश्न

'वइत', 'थार्फ', 'अइह' आणि त्यांचे सोबती मिळून सुमारे पंधरा क्रियापदांचा हा वर्ग होतो. जर्मन पंडितांनी त्याला दिलेल्या नावाचे मराठी रूपांतर 'भूत-वर्तमान' असे होईल. या नावात एक कथा दडलेली आहे : ही रूपे आधी भूतकाळी होती, मग ती वर्तमानकाळी झाली. अनेक पाठ्यपुस्तके ती कथा उघडपणेही सांगतात : 'मी पाहिले आहे, म्हणून मी जाणतो.'

ही कथा दिशेच्या दृष्टीने उलटी आहे. मूळ भाषेतील लिट्-प्रकार हा प्रधानतः भूतकाळ नव्हता. क्रियेनंतर कर्त्याच्या ठिकाणी राहिलेली स्थिती तो सांगत असे. मराठी माणसाला हे समजावयास अवघड नाही. 'भूक लागली' असे आपण म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे असते, पण भूक आत्ता असते. 'कळलं' म्हणणाऱ्याला आत्ता कळलेले असते. जर्मानिकात बहुसंख्य धातूंचे हे स्थितिवाचक रूप पुढे साध्या भूतकाळाकडे ढळले. इंग्रजीतील 'सँग', 'ड्रोव्ह' ही त्याचीच संतती. 'वइत' मात्र ढळले नाही. ते होते तेथेच राहिले. शेजारी उठून गेले म्हणून जागेवर बसलेल्याला 'आलेला' म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

आपल्या भाषेत याला जवळचे उदाहरण आहे. 'पाहिजे' हे मूळचे 'पाहणे'चे जुने कर्मणि रूप. ज्ञानेश्वरीच्या भाषेत 'कीजे', 'बोलिजे' अशी रूपे सर्रास येतात. पुढे ती प्रथा मोडली. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' तेवढी मागे राहिली व निराळ्या कामाला लागली. 'पाहिजे' आज आपल्याला विक्षिप्त वाटते ते त्याने वेगळे काही केले म्हणून नव्हे. त्याच्या सोबत्यांनी घर सोडले म्हणून. तेही 'पाहणे'पासूनच निघाले, हा योगायोग गमतीचा आहे, पण त्यावर कोणतेही अनुमान उभारू नये.

नावाविरुद्धचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गॉथिक 'कन्न : कुन्नुम', इंग्रजी 'कॅन', हे या वर्गाचे अत्यंत प्रसिद्ध सदस्य. परंतु ते मूळचे लिट्-रूपच नाही. संस्कृतात 'जानाति'मध्ये जो नकार मध्ये येतो तोच 'कुन्नुम'मधील दुहेरी नकारात आहे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हे मूळचे वर्तमानच, 'जानीमः'चे भावंड. मराठी 'जाणणे'ही याच कुळातले. 'वइत'च्या संगतीने 'कन्न'ने त्याचे प्रत्यय घेतले. जे कधीच भूतकाळी नव्हते त्याला 'भूत-वर्तमान' म्हणण्यात काय अर्थ?

ज्यांना हे नाव खरोखर शोभेल अशी क्रियापदे इंग्रजीत आहेत : 'मस्ट' आणि 'ऑट'. ही दोन्ही मुळात भूतकाळी रूपे. पैकी 'ऑट' हे वर आलेल्या 'अइह'च्या इंग्रजी भावंडाचे. ऐतिहासिक काळात, कागदोपत्री दिसेल अशा रीतीने, ती वर्तमानाच्या अर्थाने वापरली जाऊ लागली. पण ही घटना आद्य-जर्मानिकानंतर कित्येक शतकांनी घडली आहे.

पाणिनीचे वर्णन

आता अष्टाध्यायीकडे वळू. तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील 82वे सूत्र लिट्-लकाराचे णल् आदी नऊ परस्मैपदी प्रत्यय सांगते. लगेच 83वे सूत्र म्हणते की, विद् धातूनंतर लट्-लकाराच्या, म्हणजे वर्तमानाच्या प्रत्ययांच्या जागीही हेच नऊ प्रत्यय विकल्पाने येतात. त्यामुळे 'वेत्ति' आणि 'वेद' ही दोन्ही रूपे वर्तमानाची ठरतात. 84वे सूत्र 'ब्रू' धातूसाठी अशीच मर्यादित सवलत देऊन 'आह' सिद्ध करते.

पाणिनीने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहे. 'वेद' हे वर्तमान आहे. त्याचे प्रत्यय लिट्-चे आहेत. इतकेच. भूतकाळ वर्तमान झाला, असे तो म्हणत नाही. द्वित्वाचा प्रश्नही आपोआप सुटतो : द्वित्व लिट्-लकारामुळे होते, येथे लकार लट् आहे आणि केवळ प्रत्यय बदलले आहेत, म्हणून 'विवेद' होण्याचे कारणच नाही. एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्रज्ञांना ज्या रूपाने कोड्यात टाकले त्याचे निर्दोष वर्णन एका छोट्या सूत्रात झालेले होते.

येथे कोणी पाणिनीला ऐतिहासिक भाषाशास्त्राचा जनक ठरवू नये. त्याला इतिहास सांगायचाच नव्हता. त्याच्या दृष्टीने 'वेत्ति' हे मूळ आणि 'वेद' हा विकल्प. इतिहासाच्या दृष्टीने 'वेद' जुने आणि 'वेत्ति' नंतरचे. वर्णन अचूक असूनही क्रम उलटा असू शकतो. परंतु इतिहास सांगण्याचा दावा करून तो चुकीचा सांगणाऱ्या संज्ञेपेक्षा, इतिहासाविषयी मौन पाळणारी संज्ञा बरी.

हा मुद्दा केवळ परिभाषेचा नाही. काही वर्षांपूर्वी प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात एका वक्त्यांनी जर्मन 'वाइस' आणि इंग्रजी 'वाइज' हे शब्द आपल्या 'वेद' शब्दापासून निघाले असे ठासून सांगितले आणि टाळ्या मिळविल्या. प्रस्तुत लेखकही त्या टाळ्यांत सामील होता, हे कबूल केले पाहिजे. घरी येऊन रूपे मांडून पाहिली तेव्हा विधान टिकेना. संस्कृत 'ए' हा मूळच्या 'एइ', 'ओइ' आणि 'अइ' या तिन्हींचा संगम आहे. ग्रीकमध्ये ते तिन्ही वेगळे राहिले. 'वेद'मधून 'ओइदा' काढायचे तर ग्रीकांना कोठे 'ओइ' व कोठे 'एइ' म्हणायचे हे कसे कळले? मिसळलेले दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस काव्यात असतो, ध्वनिनियमांत नसतो. 'वेद' हा 'वइत'चा पिता नव्हे, थोरला भाऊही नव्हे. दोघे एकाच घरातून बाहेर पडले एवढेच.

आणि या नात्यात संस्कृताला उणेपणा कोठे आहे? '*वितनं'च्या पुनर्रचनेतून संस्कृत काढून टाकले तर अपश्रुतीचा उलगडा अर्धा राहतो आणि द्वित्वाच्या अभावाचे महत्त्व कळत नाही. साक्षीदाराचे मोल तो फिर्यादीचा बाप आहे की नाही यावर ठरत नसते. गॉथिकमध्ये 'साक्षीदार' या अर्थी 'वीत्वोद्स' असा शब्द आहे. तो याच धातूच्या लिट्-कृदन्तापासून आलेला असून संस्कृतात त्याचे भावंड 'विद्वान्' हे होय. तिकडे ज्याने पाहिले तो न्यायसभेत उभा राहिला. आपल्याकडे तो व्यासपीठावर.

मराठीतील भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांपुरती एक सूचना करावीशी वाटते. जर्मन संज्ञेचा शब्दशः अनुवाद करण्याऐवजी या वर्गास 'लिट्-प्रत्ययी वर्तमान' म्हणावे. 'वइत' त्यात बसतो, कारण त्याचे प्रत्यय लिट्-चे आणि काळ वर्तमान. 'कन्न'ही बसतो, कारण त्याने ते प्रत्यय उसने घेतले असले तरी ते आहेत लिट्-चेच. इंग्रजीच्या वर्गातील त्या विद्यार्थ्यालाही मग उत्तर देता येते : लिट्-च्या प्रथम आणि तृतीय पुरुषी एकवचनांची रूपे आधीपासून सारखीच होती, 'अहं वेद' आणि 'स वेद', म्हणून 'आय कॅन' आणि 'ही कॅन'.